समुद्रसशाची शिकवणी

बसा, नीट जवळ येऊन बसा. आज एका गोगलगायीची गोष्ट सांगतो. पावसाळ्यात आपल्या कुंपणाच्या भिंतीवर चढते ती नव्हे. ही राहते अमेरिकेत, कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याला, उथळ पाण्यातल्या शेवाळात. हिच्या पाठीवर शंख दिसत नाही. त्याची पातळ चकती तेवढी कातडीखाली उरलेली असते. डोक्यावर दोन शिंगं अशी ताठ, की अंग चोरून ससाच बसलाय असं वाटावं. म्हणून लोक हिला समुद्रससा म्हणतात आणि शास्त्रज्ञ अॅप्लिशिया. लाल शेवाळ खायचं, कुणी छेडलं की जांभळी शाई सोडायची, अंडी घालायची आणि साधारण वर्षभरात मरून जायचं, एवढंच हिचं आयुष्य. पण शिकताना चेतापेशींमध्ये नेमकं काय बदलतं, ते माणसाला हिच्याकडून कळलं.

काय रे, हिला मेंदू असतो का? चांगलं विचारलंस. आपल्यासारखा कवटीत बसलेला एकसंध मेंदू नसतो. चेतापेशींच्या नऊ गाठी असतात आणि त्या साऱ्या मिळून पेशी भरतात सुमारे २०,०००. तुझ्या डोक्यात असतात सुमारे ८,६०० कोटी. तरी शिकवणी लावावी लागली ती हिच्याकडेच. का, ते कळायला आधी दोन माणसांना भेटलं पाहिजे.

पहिला इटलीतला डॉक्टर, कॅमिलो गोल्जी. मिलानजवळच्या एका गावात, बऱ्या न होणाऱ्या रोग्यांच्या इस्पितळात तो कामाला होता. तिथल्या स्वयंपाकघरात त्यानं आपली छोटी प्रयोगशाळा थाटली होती. त्या काळी मेंदूचा काप सूक्ष्मदर्शकाखाली धरला की नुसता गुंता दिसायचा. कुठली पेशी कुठे सुरू होते आणि कुठे संपते, काही कळायचं नाही. १८७३ साली गोल्जीला एक युक्ती सापडली. मेंदूचा तुकडा आधी पोटॅशियम डायक्रोमेटमध्ये मुरवायचा, मग सिल्व्हर नायट्रेटमध्ये ठेवायचा. असं केलं की शंभरातल्या चारदोनच पेशी रंग घेतात, पण ज्या घेतात त्या शेंड्यापासून मुळापर्यंत काळ्याभोर होतात. बाकीच्या अदृश्यच राहतात, म्हणून तर त्या चारदोन डोळ्यांत भरतात. चारदोनच पेशी का रंगतात, ते गोल्जीला ठाऊक नव्हतं. पण निसर्गानं दिलेलं दान त्यानं ओळखलं.

दुसरा स्पेनमधला सांतियागो रामोन इ काहाल. हा लहानपणी भारी खोडकर होता. अकरा वर्षांचा असताना त्यानं घरी तोफ बनवली आणि शेजाऱ्याचं फाटक उडवलं. त्यापायी खरोखरच्या कोठडीत जाऊन बसला! त्याला व्हायचं होतं चित्रकार. वडील होते खेड्यातले डॉक्टर. त्यांना हे खूळ पसंत नव्हतं. पोराला त्यांनी कधी न्हाव्याकडे, कधी चांभाराकडे उमेदवारीला धाडलं. शेवटी स्मशानातली हाडं दाखवून शरीररचना शिकवायला बसले आणि हाडांची चित्रं काढता काढता पोरगा डॉक्टर झाला. चित्र काढणारा हात वाया गेला नाही, हे ध्यानात ठेवा, कारण पुढे त्याच हातानं जगाला मेंदू दाखवला.

१८८७ साली काहालनं गोल्जीच्या रीतीनं रंगवलेला मेंदूचा काप पहिल्यांदा पाहिला आणि तो झपाटला. मोठ्या मेंदूतला गुंता फार दाट असतो, म्हणून त्यानं अंड्यातल्या पिल्लांचे कोवळे मेंदू घेतले. रात्र रात्र सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायचा आणि दिसेल ते कागदावर उतरवायचं. त्याच्या ध्यानात आलं की चेतापेशी एकमेकींत मिसळलेल्या नाहीत. प्रत्येक पेशी स्वतंत्र आहे. तिची शाखा दुसरीच्या अगदी जवळ येते आणि थांबते. मध्ये फट राहते. गोल्जीचं म्हणणं उलटं होतं, सगळं मिळून एकच अखंड जाळं आहे असं. १९०६ साली दोघांना मिळून नोबेल दिलं, आणि गोल्जीनं नोबेलच्या भाषणातच काहालचं मत खोडून काढायचा प्रयत्न केला. पण निकाल काहालच्या बाजूनं लागला. १९५०च्या दशकात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ती फट सर्वांना दिसली. केवढी असते माहीत आहे? मिलिमीटरचे पन्नास हजार भाग केले, तर त्यातल्या एका भागाएवढी. त्या जागेला सिनॅप्स म्हणतात. अलीकडची पेशी तिथे रसायनाचे थेंब सोडते, पलीकडची ते टिपते.

आता पुढचं नीट ऐका. पोटाची, त्वचेची पेशी झिजली की नवी येते. चेतापेशींचं तसं नसतं. बहुतेक जन्मभर त्याच राहतात. मग माणूस शिकतो तेव्हा डोक्यात बदलतं काय? १८९४ साली लंडनच्या रॉयल सोसायटीत काहालनं व्याख्यान दिलं. त्या सुमारास त्यानं असं मांडलं की मेंदू एखाद्या बागेसारखा आहे. झाडं तेवढीच राहतात, पण मशागत केली की त्यांना नव्या फांद्या फुटतात, मुळं खोल जातात. नव्या पेशी येत नाहीत, आहेत त्यांच्याच जोडण्या वाढतात. नुसत्या चित्रांवरून बांधलेला हा तर्क! मला तो माणसानं केलेल्या सर्वात सुंदर तर्कांपैकी एक वाटतो. पण पुरावा नव्हता, आणि तो मिळायला कित्येक दशकं लागली.

पुरावा शोधणाऱ्याची गोष्ट व्हिएन्नातली आहे. तिथे एरिक कॅन्डल नावाचा मुलगा राहायचा. त्याच्या वडिलांचं खेळण्यांचं दुकान होतं. ७ नोव्हेंबर १९३८ला त्याचा नववा वाढदिवस झाला आणि त्याला बॅटरीवर चालणारी निळी मोटार मिळाली. दोन दिवस तो ती घरभर फिरवत होता. मग दारावर थाप पडली. नाझी पोलिस होते. हे कुटुंब ज्यू, म्हणून घर सोडून जायचा हुकूम झाला. काही दिवसांनी परत आले तर घर लुटलेलं, आणि निळी मोटारही गेलेली. पुढल्या वर्षी एरिक आणि त्याचा थोरला भाऊ जहाजानं अमेरिकेला पोचले. ती थाप त्याच्या मनातून कधी गेली नाही. एखादा दिवस माणसाच्या डोक्यात जन्मभर कसा टिकतो, हा प्रश्न आपल्याला व्हिएन्नानंच दिला, असं त्यानं पुढे लिहून ठेवलं.

मोठेपणी तो मनाचा डॉक्टर व्हायला निघाला आणि पेशींपाशी येऊन थांबला. माणसाचा मेंदू फार अवघड. उंदराचाही अवघडच. साधा प्राणी शोधता शोधता तो पोचला आपल्या समुद्रसशापाशी. जाणत्या लोकांनी त्याला सांगितलं, या गोगलगायीच्या नादी लागू नकोस, स्मृती म्हणजे वरच्या प्राण्यांचा विषय. त्यानं ऐकलं नाही. १९६२ साली पॅरिसला जाऊन लाडिस्लाव्ह टाउकच्या प्रयोगशाळेत तो हिच्यावर काम शिकला. हिलाच निवडण्याचं कारण साधं होतं. हिच्या काही चेतापेशी इतक्या मोठ्या, की नुसत्या डोळ्यांना दिसतात. शिवाय त्या ओळखता येतात. या गोगलगायीत जी पेशी ज्या जागी, तीच पेशी दुसऱ्या गोगलगायीतही त्याच जागी. मग पेशींना नावं देता येतात, आज एकीत पाहिलेलं उद्या दुसरीत ताडता येतं.

आता तिची शाळा. तिच्या पाठीवर श्वासाचा कल्ला असतो आणि त्याच्याजवळ पाणी बाहेर टाकायची छोटी नळी. नळीला हळूच स्पर्श केला की ती कल्ला झटकन आत ओढून घेते. पुन्हा पुन्हा तसाच हलका स्पर्श करत राहिलं, तर दहाएक वेळांनंतर ती फारसं मनावर घेत नाही. यात धोका नाही, हे ती शिकते. उलट शेपटीला एकदा विजेचा झटका दिला, तर पुढे नळीला नुसतं बोट लागलं तरी ती दचकून कल्ला पार आत घेते.

हो गं, दुखलं असणार तिला. ती बोलत नाही म्हणून ते कमी होत नाही, आणि आपण जे शिकलो ते तिच्या अंगावर शिकलो, हे मीही विसरत नाही.

त्या एका झटक्याची आठवण तिला काही मिनिटंच राहते. चारपाच झटके मध्ये अंतर ठेवून दिले, तर दिवसच्या दिवस. आणि एक गंमत पाहा. हलके स्पर्श एका बैठकीत सलग चाळीस वेळा केले, तर तिची सवय एक दिवस टिकते. तेच चाळीस रोज दहा असे चार दिवस वाटून दिले, तर कित्येक आठवडे टिकते. स्पर्श तेवढेच, पण मधला वेळ दिला की आठवण खोल जाते. तेराचा पाढा एका रात्रीत घोकला की परवा का उडतो, आणि रोज थोडा म्हटला की का बसतो, त्याचं मूळ इथवर जातं.

हे का होतं, ते कॅन्डल आणि त्याच्या सोबत्यांनी पेशींच्या आत शिरून पाहिलं. शेपटीला झटका बसला की शेजारच्या काही पेशी सेरोटोनिन नावाचं रसायन सोडतात. नळीचा स्पर्श ओळखणाऱ्या पेशीच्या टोकाला ते लागलं की ते टोक पुढच्या पेशीला नेहमीपेक्षा जास्त रसायन पाठवू लागतं. जोडणी जुनीच, पण जोर वाढलेला. थोड्या वेळाच्या आठवणीला एवढं पुरतं. झटके पुन्हा पुन्हा बसले, तर मात्र निरोप टोकापाशी थांबत नाही. तो पेशीच्या केंद्रकापर्यंत जातो. तिथे क्रेब नावाचं प्रथिन जागं होतं, ते काही जनुकं चालू करतं, त्या जनुकांवरून नवी प्रथिनं बनतात, टोकांकडे जातात आणि तिथे नवे सिनॅप्स उभे राहतात. प्रथिनं बनू न देणारं औषध घातलं, तर काही मिनिटांची आठवण तशीच होते. दिवसांची होत नाही.

कॅन्डलचे सोबती क्रेग बेली आणि मेरी चेन यांनी ही टोकं मोजली. हे काम किती चिकाटीचं, कल्पना करा! चेतापेशींच्या गाठीचा एकेक पातळ काप पाहायचा आणि टोक न् टोक नोंदवायचं. न शिकवलेल्या गोगलगायीत स्पर्शाच्या एका पेशीला अशी सुमारे १,३०० टोकं होती. झटक्यांनी दचकायला शिकलेलीत ती सुमारे २,७०० झाली. दुपटीहून जास्त! आणि जिला स्पर्शाची सवय झाली, दुर्लक्ष करणं जिला आलं, तिच्यात ती ८५०वर उतरली. पुढे दचकण्याची आठवण पुसट होत गेली तशी २,७०० टोकंही कमी होत साधारण १,५००वर आली. म्हणजे शिकणं ही अंगात होणारी वाढ आहे, आणि विसरताना त्यातलं बरंच आवरलं जातं. काहालची बाग खरी निघाली. २००० साली कॅन्डललाही नोबेल मिळालं, अर्विड कार्लसन आणि पॉल ग्रीनगार्ड यांच्याबरोबर.

गोगलगायीचं झालं, माणसाचं काय, हे मला ठाऊक होतं तुम्ही विचारणार. आपल्या कानाच्या आतल्या बाजूला, मेंदूत खोल, हिप्पोकॅम्पस नावाचा वाकडा भाग असतो, दोन्हीकडे एकेक. १९५३ साली फिट्स येणाऱ्या एका अमेरिकन तरुणाचे ते दोन्हीकडचे भाग शस्त्रक्रियेत बरेचसे काढून टाकले. फिट्स कमी झाल्या, पण नवीन काही त्याच्या लक्षातच राहीना. ब्रेंडा मिल्नर नावाची मानसशास्त्रज्ञ त्याला भेटायला जायची आणि तो दर वेळी तिला नव्यानं भेटायचा. आरशात पाहून चांदणी गिरवण्याचा खेळ तिनं त्याला रोज दिला. त्याचा हात रोज सुधारत गेला, आणि रोज तो म्हणायचा की हे मी कधी केलेलं नाही. घटनांची आठवण वेगळी, हाताची आठवण वेगळी, हे त्याच्यामुळे कळलं.

मग ऑस्लोमध्ये टेर्ये लोमो आणि टिम ब्लिस यांनी सशाच्या, खऱ्या सशाच्या बरं का, हिप्पोकॅम्पसमध्ये विजेचे भराभर ठोके दिले आणि पाहिलं, की त्यानंतर तिथले सिनॅप्स तासन्‌तास जोरदार राहतात. १९७३ साली त्यांनी ते छापलं. यामागे एक फार देखणी रचना आहे. पलीकडच्या पेशीवर एक दार असतं, त्यात मॅग्नेशियमचा कण अडकलेला. अलीकडून नुसतं रसायन आलं तर कण हलत नाही. रसायन येतं त्याच वेळी पलीकडची पेशी स्वतःही जागी असेल, तरच कण सुटतो, कॅल्शियम आत शिरतं आणि जोडणी पक्की व्हायला लागते. दोघींनी एकाच वेळी जागं असावं लागतं. कैरी नुसती डोळ्यांसमोर आली की तुझ्या तोंडाला पाणी सुटतं ना? रूप आणि चव एकत्र आली, म्हणून त्यांची अशी गाठ पडली.

हं, बोल. मला साठ वर्षांपूर्वीचं कसं आठवतं?

तुला प्रश्नाचं मर्म सापडलं. सिनॅप्समधली प्रथिनं बहुतेक काही दिवसांत, आठवड्यांत मोडतात आणि त्यांच्या जागी नवी येतात. माझ्या आईनं मला पहिल्यांदा विहिरीत पोहायला सोडलं, त्या वेळच्या सिनॅप्समधलं प्रथिन आज माझ्या डोक्यात जवळजवळ उरलेलं नाही. मग ते पाणी अजून गार कसं लागतं? कॅन्डलच्या प्रयोगशाळेत कौशिक सी नावाच्या शास्त्रज्ञानं हाच प्रश्न घेतला, आणि उत्तरासाठी तो पुन्हा समुद्रसशाकडेच गेला. २००३ साली त्यानं आणि त्याच्या सोबत्यांनी दाखवलं, की तिच्या चेतापेशींत एक प्रथिन आहे, ते एकदा आकार बदलून बसलं की शेजारच्या आपल्याच जातीच्या प्रथिनांनाही तोच आकार घ्यायला लावतं. जुनी मोडतात, नवी येतात, आणि येताच जुन्यांचा आकार उचलतात. त्या आकारात हे प्रथिन सिनॅप्समध्येच नवी प्रथिनं बनवण्याचं काम चालू ठेवतं, आणि जोडणी टिकते, असा त्यांचा विचार. पुढे याच घराण्यातलं प्रथिन फळमाशीत आणि उंदरातही आठवण टिकवायला लागतं असं दिसलं. माणसातही ते आहे. आपल्यात ते नेमकं हेच काम करतं का, याचा शोध अजून चालू आहे.