झिजेचा हिशेब

नाणे उचलावयाचे ते कडेने, अंगठा आणि तर्जनी यांच्या चिमटीत, आणि खाली मखमलीचे तबक असल्याखेरीज उचलावयाचेच नाही, हा या व्यवसायातील पहिला पाठ मला मिळाला त्याला आता १९ वर्षे होत आली. बोटांच्या टोकांवरील स्निग्धता कोऱ्या रुप्यावर एकदा उमटली की काही काळाने तेथे डाग धरतो, आणि तो काढू जावे तर डागाबरोबर रुप्याचे मूळचे तेजही निघून जाते. म्हणून मुंबईच्या कोट भागातील आमच्या छोट्या कार्यालयात, जेथे पडदे ओढून भर दिवसाही टेबलावरच्या एका दिव्याच्या उजेडात काम चालते, तेथे दिवसातून कित्येकदा हात धुण्याचा शिरस्ता आहे. नाण्यावर ओणवे होऊन बोलण्यासही मनाई आहे, कारण बोलताना उडालेला सूक्ष्म तुषार पुढे काळा ठिपका होऊन बसतो.

मी नाणेपारखी आहे. नाण्याची किंमत मी ठरवीत नाही, ती बाजार ठरवितो. नाण्याचा इतिहासही मी लिहीत नाही, त्यासाठी विद्वान आहेत. समोरचे नाणे जातिवंत आहे की बनावट, आणि जातिवंत असल्यास टाकसाळीच्या ठशाखालून निघाल्यापासून आजपर्यंत त्याचे किती गेले व किती शिल्लक राहिले, एवढाच निर्णय द्यावयाचा, तो एका आकड्याने नोंदवावयाचा, आणि पारदर्शक डबीत मोहोरबंद होण्यासाठी नाणे पुढे हवाली करावयाचे, यावर माझा चरितार्थ चालतो. हा आकडा १ पासून ७० पर्यंत असतो. विल्यम शेल्डन या अमेरिकन संग्राहकाने १९४९ साली आपल्या देशातील जुन्या तांब्याच्या सेंटांवर ग्रंथ लिहिला, तेव्हा केवळ ओळख पटण्याजोग्या झिजलेल्या नाण्याची किंमत एक धरली तर त्याच जातीच्या निर्दोष नाण्याला सत्तरपट किंमत यावी, असा त्या काळच्या बाजाराचा त्याने अदमास बांधला होता. किमतींचे ते गणित पुढे मोडले, आकडे मात्र टिकले. आणि १९८६ च्या सुमारास अमेरिकेत नाणी पारखून डबीबंद करणाऱ्या संस्था उभ्या राहिल्या तेव्हा त्यांनी तेच आकडे उचलले. आज आमच्या टेबलावर व्हिक्टोरिया राणीचा रुपया येतो, तोही याच मापाने मोजला जातो.

ही विद्या आपल्याकडे परकी आहे असे मात्र मी मानीत नाही. मराठेशाहीत चांदवडचा रुपया, पुण्याकडचा अंकुशी, बागलकोटचा, मिरजेचा, असे नाना टाकसाळींचे रुपये एकाच मुलखात फिरत, आणि ज्याचा त्याचा बट्टा निराळा असे. सरकारात भरणा होताना पोतदार रुपया हातात घेऊन पाही, वाजवून ऐके, आणि संशय आला तर सुलाखी, म्हणजे छिद्र पाडून आतला धातू बाहेरच्यासारखाच आहे याची खातरजमा करून घेई. माणूस तावून-सुलाखून निघाला असे आपण आजही म्हणतो, बोलणे खणखणीत आहे की बद्द हेही ठरवितो. त्या शब्दांमागे हाच व्यवहार आहे. परंतु पोतदाराला नाण्याच्या अंतरंगाशी कर्तव्य होते आणि मला त्याच्या त्वचेशी आहे. सराफाने रुपयावर मारलेली बारीक खूण त्या काळी नाण्याचा इतबार वाढवीत असे. आज तीच खूण मला न्यूनाच्या सदरी टाकावी लागते. ही नोंद करणे मला नेहमीच जड जाते, म्हणून तिला मोघम ‘इजा’ न म्हणता ‘सराफाची खूण’ असेच स्पष्ट लिहावे, असा आग्रह मी प्रथमपासून धरला आणि तो मान्यही झाला. ज्या खुणेने कोणा अनोळखी शेतकऱ्याचा सारा बिनतक्रार जमा झाला असेल, तिला निदान तिचे नाव मिळाले पाहिजे.

पंचम जॉर्जचा रुपया घ्या. वजन ११.६६ ग्रॅम, म्हणजे बरोबर एक तोळा. ‘रुपयाभार’ हे माप घरोघर चालले ते याच नियमित वजनामुळे. बारा भागांत अकरा भाग रुपे. वजन आणि कस यांची कामे यंत्रे चोख करतात, त्यांत माझा फारसा वेळ जात नाही. माझे काम दिव्याखाली सुरू होते, आणि तेही भिंगावाचून, कारण भिंगाखाली प्रत्येक नाणे जखमीच दिसते. नाणे उघड्या डोळ्यांसमोर धरून सावकाश कलते करावे. न वापरलेल्या रुपयावर एक प्रकाशाचा पट्टा असतो आणि नाणे कलेल तसा तो मध्याभोवती गाडीच्या चाकातील आऱ्यासारखा फिरतो. हे तेज झिलईचे नव्हे. ठशाचा आघात होताच रुपे मध्याकडून काठाकडे सरकते, त्या सरकण्याच्या केसाहून सूक्ष्म रेषा पृष्ठभागावर राहतात, आणि त्यांवरून परतणारा उजेड म्हणजे हे फिरते चक्र. नाणे खिशात गेले, गल्ल्यात पडले, दुसऱ्या नाण्यावर घासले, की उंच भागांवरच्या रेषा प्रथम जातात: राजाच्या भुवईवरच्या, दाढीच्या फुगीर भागावरच्या, कानाच्या पाळीवरच्या. मग तो पट्टा भुवईपाशी येऊन तुटतो आणि पलीकडे पुन्हा सुरू होतो. मधली ती राखी रंगाची जागा, कधी मोहरीच्या अर्ध्या दाण्याएवढी, हीच ५८ आणि ६० यांमधली सीमा होय.

तुटलेला प्रत्येक पट्टा म्हणजे झीज, असेही नाही. ठसा थकलेला असला किंवा आघात हलका बसला तर कान मुळातच नीट उठत नाही. तेथे कोऱ्या चकतीची खरबड तशीच राहते, रेखा अस्पष्ट असते, परंतु रुप्याचा रंग जिवंत असतो. झिजलेला कान मात्र गुळगुळीत आणि निस्तेज असतो. सांगावयास हे दोन वाक्यांचे काम. डोळ्याला ते शिकावयास मला तीन वर्षे लागली. आणखी एक गोष्ट नवख्या संग्राहकाला पटता पटत नाही. टाकसाळीतून रुपये पिशव्यांत भरून निघत, आणि त्या पिशव्यांत परस्परांच्या कडांनी परस्परांचे चेहरे ओरखडीत. त्यामुळे बाजाराचे तोंडही न पाहिलेला ६० चा रुपया गालावर वार घेऊन येतो, तर चार हातांतून हळुवार फिरलेला ५८ चा रुपया त्याच्याहून कितीतरी देखणा असतो. मला स्वतःला सर्वांत प्रिय आहे तो ५८ चा रुपया.

आमच्यापुढे नाणे येते ते केवळ क्रमांक घेऊन. धन्याचे नाव बारनिशीत असते आणि बारनिशी दुसऱ्या खोलीत. दोघे पारखी एकमेकांचा आकडा न पाहता आपापला आकडा लिहितात, आणि शेवटचा आकडा वरिष्ठ मुक्रर करतात. पारख्याने नाण्यांचा व्यापार करावयाचा नाही, ही अट रुजू होतानाच लिहून द्यावी लागते. तिच्यापायी मी विद्यार्थिदशेपासून जमविलेल्या शिवराया, एक वगळता, सगळ्या विकून टाकल्या. वेतन दरमहा ठरलेले. आकडा चढा दिल्याने त्यात पैची भर पडत नाही, आणि तसेच असले पाहिजे.

लबाडी येते ती येतेच. १९३९ चा रुपया दुर्मीळ, म्हणून १९३८ च्या रुपयातील आठाचे खालचे पोट कोरून नऊ केलेला एक नमुना माझ्या हाती आला होता. भिंगाखाली त्या आकड्याभोवतीचे रुपे खरवडलेल्या भांड्याच्या बुडासारखे दिसत होते, आणि निर्णयाला अर्धे मिनिटही लागले नाही. लबाडीचे मला भय वाटत नाही. भय वाटते ते स्वतःच्या डोळ्याचे. काही वर्षांपूर्वी १८६२ चा एक रुपया माझ्यापुढे आला (हे साल टाकसाळींनी १८७४ पर्यंत ठशावर तसेच ठेवले होते, त्यामुळे तो नेमका कोणत्या वर्षी पडला ते सालावरून समजत नाही) आणि मी त्याला ६३ दिले. दीड महिन्याने तसाच एक रुपया आला, त्याला ६४ दिले. नोंद करून हात धुवावयास उठलो तो राणीच्या हनुवटीखालची, चंद्रकोरीसारखी वळलेली एक ओरखड मनात उभी राहिली. जुने छायाचित्र काढून रुजुवात केली. नाणे तेच होते. धन्याने डबी फोडून ते चढ्या आकड्याच्या आशेने पुन्हा धाडले होते, आणि ती आशा मी पुरी केली होती. मधल्या काळात रुप्याचा कणही हलला नव्हता, हललो होतो तो मी. मी वरिष्ठांकडे जाऊन आकडा रद्द करून मागितला. ते रागावले नाहीत, “त्याच्या आधी काय पाहत होतास?” एवढेच त्यांनी विचारले. तबकाची नोंद काढली, तर त्या रुपयाआधी घासून मेलेल्या ३५ रुपयांचा गठ्ठा मी एका बैठकीत उरकला होता, आणि त्या दारिद्र्यानंतर आलेला पहिला बरा रुपया मला राजबिंडा वाटला होता. तेव्हापासून दर बैठकीच्या आरंभी आणि असा गठ्ठा संपला की मध्येच, प्रमाण म्हणून ठेवलेली नाणी मी पुन्हा पाहून घेतो. ज्या माणसाने नाणे कधी हातातही घेतलेले नाही तो केवळ डबीवरचा आकडा वाचून पैसे मोजतो. त्याचा तो इतबार हेच माझे भांडवल आहे, आणि सोमवारचा माझा डोळा व गुरुवारचा माझा डोळा यांत एका आकड्याचे अंतर पडले तर ते भांडवल बुडाले.

काही नाण्यांपुढे हा आकडा अपुरा पडतो. १९०६ साली नाशिकजवळ जोगळटेंभी येथे नहपान क्षत्रपाची तेरा हजारांवर रुप्याची नाणी सापडली, आणि त्यांतील नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला होता. पराभूताच्या चेहऱ्यावर जेत्याच्या ठशातली टेकडी. त्या जातीच्या नाण्यावर जे नाहीसे झाले आहे ते झिजेने नव्हे, आज्ञेने. मी ठेवलेली ती एक शिवराईही अशीच: एका बाजूस ‘श्री राजा शिव’, दुसरीस ‘छत्रपति’, पण ठसा चकतीहून मोठा असल्याने ‘पति’ अर्धे बाहेर गेलेले. ती अक्षरे झिजली नाहीत, ती त्या तांब्यावर कधी उमटलीच नव्हती. अशा नाण्याला मी आकड्याऐवजी चार ओळींचे वर्णन देणे पसंत करतो.

गेल्या दिवाळीपूर्वी माझी मावशी सांगलीहून आली आणि हातरुमालाची गाठ सोडून तिने देवघरातला रुपया माझ्यापुढे ठेवला. “अरे, डुकराचा रुपया म्हणतात तो हाच ना? बंदा रुपया आहे. लाखाला जातो म्हणे.” साल १९११. राजाच्या झग्यावरचा चिमुकला हत्ती आखूड सोंडेमुळे डुकरासारखा दिसतो अशी ओरड झाल्याने त्या रुपयाचे वाटप थांबले आणि १९१२ पासून सोंड लांब करण्यात आली, ही हकीकत खरी. लाखाची गोष्ट खरी नव्हे. मी दिवा लावला. रुपया पांढराशुभ्र होता, अक्षरांच्या खाचांत कुंकू होते, आणि नाणे कलते केले तरी चक्र फिरत नव्हते. त्याऐवजी मध्याभोवती वळणाऱ्या शेकडो बारीक रेघा दिसत होत्या: राख घेतलेल्या अंगठ्याच्या, आजीच्या, मग मावशीच्या, दर लक्ष्मीपूजनाच्या. हत्ती इतका पुसला होता की तो हत्ती की डुक्कर, हा वादच आता संभवत नव्हता.

“मावशी, रुपया अस्सल आहे. पण घासून घासून त्याचं मूळचं तेज गेलंय. याला आकडा मिळायचा नाही.”

“अगं बाई! म्हणजे आम्हीच खराब केला म्हण की.”

“खराब नाही. तुम्ही तो पुजलात. आमच्या कागदावर त्याला घर नाही एवढंच.”

ती थोडा वेळ गप्प राहिली. “मग यंदा घासू की नको?”

“राखेनं नको. कोमट पाण्यानं धू आणि मऊ पंच्यानं टिपून घे.”

“आणि चिंच?”

“चिंचही नको.”

तिने मान हलविली, रुपया पुन्हा रुमालात ठेवला, आणि गाठ मारण्यापूर्वी सवयीने अंगठ्याने राजाचा गाल एकदा पुसला.