बंदराची परीक्षा घड्याळाने करा

बंदराला वर्षभरात किती नफा झाला, हे ताळेबंदात दिसते. आपला माल वेळेवर जहाजावर चढला की नाही, हे ताळेबंद सांगत नाही. उलट सवलतीचे दिवस संपल्यावर आवारात पडून राहिलेल्या कंटेनरवर जागाभाडे लागते. म्हणजे माल अडकला की नुकसान व्यापाऱ्याचे आणि कमाई आवारवाल्याची!

संयुक्त राष्ट्रांच्या अंक्टाड या संस्थेने १९७६ मध्येच बंदराची मापे दोन भागांत मांडली होती : पैशाची आणि कामकाजाची. व्यापारी बांधवांनी कामकाजाची मापे समजून घेतली पाहिजेत.

१) जहाजाचा एकूण वेळ : जहाज १० तास समुद्रात थांबले आणि ३० तास धक्क्यावर राहिले, तर खरा हिशेब ४० तासांचा. जागतिक बँकेने २०२१ पासून काढलेला कंटेनर बंदरांचा निर्देशांक याच वेळेवर आधारलेला आहे.

२) क्रेनचा वेग : एक क्रेन तासाला किती कंटेनर हलवते?

३) धक्क्याचा वापर : धक्का सतत भरलेला असणे बंदराच्या हिशेबात चांगले दिसते. पण जहाजे नेमक्या वेळी येत नाहीत. धक्का रिकामा मिळाला नाही की रांग लागते.

४) कंटेनरचा मुक्काम : निर्यातीत गेटमधून आत गेल्यापासून जहाजावर चढेपर्यंतचा काळ. न्हावा-शेव्यात २०१६ पासून कंटेनरला टॅग लावून त्याचा माग ठेवला जातो.

येथे सरासरीपासून सावध राहावे. नऊ कंटेनर दोन-दोन दिवसांत गेले आणि दहावा १२ दिवस अडकला, तरी सरासरी तीनच दिवस येते. मोठ्या कारखानदाराला ते चालेल. पण ज्या छोट्या व्यापाऱ्याचा तो एकच कंटेनर आहे, त्याची एल.सी.वरील माल चढविण्याची शेवटची तारीख टळते आणि रक्कम अडकते. म्हणून सरासरीबरोबर सर्वांत जास्त लागलेला वेळही विचारावा.

प्रत्येक विलंब बंदराचाच असतो असेही नाही. कागदपत्रे अपुरी असली किंवा ट्रक उशिरा निघाला, तर दोष आपल्याकडे येतो. यासाठी प्रत्येक मालामागे वहीत चार तारखा लिहाव्यात : माल कारखान्यातून निघाला, बंदराच्या गेटमधून आत गेला, कस्टम्सची मंजुरी मिळाली, जहाज सुटले. दहा खेपांनंतर वेळ कोठे जातो ते आपोआप दिसेल. मग क्लिअरिंग एजंटाशी किंवा व्यापारी संघटनेत बोलताना नुसती तक्रार न करता पुराव्यानिशी बोलता येईल.