विश्वासाचे दान, आरोग्याचे दान

कोणाचे आत्मिक सामर्थ्य श्रेष्ठ, यावरून करिंथ येथील मंडळीत जी चढाओढ माजली होती, तिचा निकाल लावण्यासाठी प्रेषित पौलाने तिला जे पत्र धाडले, त्याच्या 12व्या अध्यायात पवित्र आत्म्याच्या कृपादानांची यादी येते. आणि तीत विश्वासाचे दान व रोग बरे करण्याची दाने शेजारीशेजारी असल्यामुळे, ज्याचा विश्वास दांडगा त्याचा रोग गेलाच पाहिजे, असा समज भाविकांत फार जुन्या काळापासून रूढ झाला आहे. पौलाने मात्र एकाला हे, दुसऱ्याला ते, अशी ही दाने निरनिराळ्या माणसांना वाटलेली दाखविली असून, ती सर्वांच्या हितासाठी आहेत असे आरंभीच बजाविले आहे.

तारणासाठी प्रत्येक ख्रिस्ती माणसाला लागणारा विश्वास निराळा आणि हे दान निराळे. हा भेद गेल्या शतकांत ज्याने अत्यंत चोखपणे मांडला, तो कोणी विद्यापीठातला धर्मपंडित नव्हता, अनाथालयाचा चालक होता. जॉर्ज म्यूलर 1805 मध्ये प्रशियात जन्मला. बाप सरकारी वसुली करणारा आणि मुलगा त्या वसुलीतले पैसे लांबविणारा, अशी त्याच्या पूर्वायुष्याची कथा आहे. पुढे इंग्लंडात ब्रिस्टल येथे स्थायिक होऊन त्याने 1836 मध्ये भाड्याच्या घरात अनाथ मुली सांभाळण्यास प्रारंभ केला, आणि 1870 पर्यंत ॲशली डाउनच्या टेकाडावर 2,050 मुलांची सोय होईल अशी पाच विशाल वसतिगृहे उभी केली. कर्ज काढावयाचे नाही, वर्गणीसाठी कोणाचा उंबरठा झिजवावयाचा नाही, आणि निकड देवाखेरीज कोणापुढे बोलावयाची नाही, हा त्याचा शिरस्ता. 1841च्या अखेरीस खजिन्यात खडखडाट असता त्याने वार्षिक अहवाल व सभा मुद्दाम लांबणीवर टाकली, कारण त्या वेळी जमाखर्च जाहीर करणे म्हणजे आडपडद्याने केलेली याचनाच ठरली असती.

एवढे पाहिल्यावर लोकांनी त्याला विश्वासाचे विशेष दान लाभलेला पुरुष म्हणावे हे स्वाभाविकच होते. पण ही पदवी तो निग्रहाने नाकारी. जे देवाचे राज्य प्रथम शोधतात त्यांच्या अन्नवस्त्राविषयी शास्त्रात वचन आहे, म्हणून त्या वचनावर बोट ठेवून मागणे ही सर्वसामान्य कृपा, असे त्याचे म्हणणे. अमुक रोगी उठून बसेलच असे वचन मात्र कोठेही नाही. तरीही तशी निःशंक खातरजमा अंतःकरणात व्हावी, हे दान, आणि ती न झाल्यास त्यात पाप नाही. आरंभीच्या काळात काही आजाऱ्यांसाठी प्रार्थना करताना आपल्याला असे काहीसे लाभले होते, एवढेच तो लिहितो.

1883 मध्ये हा वृद्ध गृहस्थ प्रवचनांसाठी हिंदुस्थानाकडे निघाला, आणि त्याच वर्षी पंडिता रमाबाईंचा इंग्लंडात बाप्तिस्मा झाला. पुढे त्याचे चरित्र बाईंच्या वाचनात आले व मनात भिनले. अमेरिकेतील मित्रमंडळाने दहा वर्षांसाठी दिलेल्या मदतीची मुदत 1898 मध्ये संपत आली असता, केडगावच्या ओसाड माळावर दुष्काळपीडित मुलींचे ‘मुक्ती’ त्यांनी वसविले, ते त्याच धर्तीवर.

आरोग्यदानाविषयी नव्या कराराची साक्ष याहून गुंतागुंतीची आहे. याकोबाने आजाऱ्याला मंडळीच्या वडिलांस बोलावण्यास सांगितले. त्यांनी तेल लावून प्रार्थना करावी. म्हणजे चमत्कारी पुरुषाच्या शोधार्थ वणवण करण्याची तजवीज त्यात नाही. ज्याच्या हातून अनेक रोगी बरे झाले तो पौल त्रफिमाला मिलेतात आजारीच सोडून आला. तीमथ्याला पोटाच्या तक्रारीसाठी थोडा द्राक्षारस घेण्याचा घरगुती उपाय त्याने कळविला. स्वतःच्या शरीरातला काटा तीनदा विनवूनही निघाला नाही. आणि त्याच्या सोबत्यांत लूक नावाचा वैद्य होता. आजकालच्या आरोग्यसभांत रोगी बरा न झाल्यास तुझाच विश्वास उणा, असा ठपका त्या बापड्यावर ठेवण्यात येतो. मला तो निव्वळ क्रूरपणा वाटतो, आणि पौलाच्या या दप्तरात त्याला दाखला सापडत नाही.

रोमन कॅथलिक मंडळींची सावधगिरी या बाबतीत अनुकरणीय आहे. वांद्र्याच्या मोत माउलीला मेणाचे हातपाय वाहणाऱ्यांची चौकशी कोणी करीत नाही, हे खरे. पण फ्रान्समधील लूर्द येथे 1883 पासून वैद्यकीय कचेरी आहे. रोग गंभीर होता काय, गुण एकाएकी व संपूर्ण आला काय, तो टिकला काय, याची छाननी वर्षानुवर्षे चालते. आजवर हजारो लोकांनी आपण बरे झाल्याचे नोंदविले. त्यांपैकी चमत्कार म्हणून धर्माधिकाऱ्यांनी मान्य केलेले जेमतेम सत्तरीच्या आसपास.

1905 मध्ये ‘मुक्ती’त जे आत्मिक पुनरुज्जीवन झाले, त्याची वार्ता देशोदेशी पोहोचली. तेथील चालिका मात्र ऐकू कमी येते या कारणास्तव इंग्लंडात वैद्यकीचे शिक्षण घेऊ शकल्या नव्हत्या, आणि तो बहिरेपणा पुढेही गेला नाही. 1921 मध्ये एकुलती एक कन्या मनोरमाबाई त्यांच्यादेखत गेली. रमाबाई त्या वेळी मूळ भाषांवरून बायबलाचे मराठी भाषांतर पुरे करण्यात गुंतल्या होत्या; पुढल्याच वर्षी, 5 एप्रिल 1922 रोजी, त्या निवर्तल्या, आणि ते संपूर्ण भाषांतर त्यांच्या मागे 1924 मध्ये प्रसिद्ध झाले.