बाटली तीच, हद्द बदलली

वडनेर भोलजीजवळ रस्त्याच्या कडेला घटकाभर उभं राहिलं, तरी चार राज्यांच्या नंबरप्लेट दिसतात. मलकापूरहून नांदुऱ्याकडे जाणारा हा जुना राष्ट्रीय महामार्ग ६, आताचा ५३. उत्तरेला सातपुड्याच्या अंगाला गेलं की पलीकडे मध्य प्रदेशातला बुऱ्हाणपूर जिल्हा. कर्ज काढून पिकअप घेतलेल्या एखाद्या पोराला इथे सहज कुणी म्हणतं, "भाऊ, फक्त माल पोचवायचा. बिल आहे ना!" तो माल दारू असेल, तर त्या बिलावर भरवसा ठेवणं फार महागात पडतं. म्हणून हे गैरसमज एकदा नीट तपासून घेऊ.

गैरसमज १ : देश एक आहे. एका राज्यात कर भरून घेतलेली दारू दुसऱ्या राज्यातही कायदेशीरच.

वस्तुस्थिती : दारूचं उत्पादन, बाळगणं, वाहतूक, खरेदी आणि विक्री हा राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतल्या राज्यसूचीचा विषय आहे (नोंद ८). तिच्यावरचं उत्पादन शुल्कही राज्याचंच (नोंद ५१). १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, तेव्हाही पिण्याची दारू त्यातून बाहेर ठेवली गेली. तिकडच्या दुकानाचं बिल म्हणजे तिकडचा कर भरल्याचा पुरावा. इथे आणायची परवानगी त्यातून मिळत नाही. बाटलीचं लेबल वाचलं, तर ती कोणत्या राज्यात विकण्यासाठी आहे हे बहुधा त्यावरच छापलेलं असतं.

गैरसमज २ : बाहेरच्या कंपनीकडे तिच्या राज्याचा परवाना असला की ती इथेही विकू शकते.

वस्तुस्थिती : महाराष्ट्राचा दारूबंदी कायदा १९४९ चा आहे आणि त्याची मांडणी समजून घेण्यासारखी आहे. कलम १२ दारू बनवणं, आणणं, नेणं, बाळगणं, विकणं या सगळ्यालाच मनाई करतं, आणि कलम ११ परवान्यापुरती वाट मोकळी करतं. म्हणजे मुळात बंदी, आणि परवाना हा अपवाद. बलसारा खटल्यात १९५१ साली सर्वोच्च न्यायालयाने या कायद्यातल्या काही तरतुदी रद्द केल्या, पण बराचसा कायदा कायम ठेवला. दारूचा धंदा करणं हा मूलभूत हक्क नाही, हे खोडे डिस्टिलरीजच्या खटल्यात १९९४ साली पुन्हा स्पष्ट झालं.

त्यामुळे परराज्यातल्या उत्पादकाला आधी राज्य उत्पादन शुल्क आयुक्तांकडून आपली लेबलं मंजूर करून घ्यावी लागतात. माल इथल्या एफएल-१ परवानाधारक ठोक विक्रेत्यामार्फत येतो. इथून आयात परवाना, तिकडून निर्यात परवाना, ठरलेलं शुल्क आणि मग गाडीसोबत वाहतूक पास, असा तो क्रम आहे. गाडी हलण्याआधी कागद तयार हवा.

गैरसमज ३ : घरच्यापुरत्या एक-दोन बाटल्या आणल्या तर चालतं.

वस्तुस्थिती : विनापरवाना आणलेली एक बाटलीही कायद्याच्या दृष्टीने आयातच आहे, आणि तिला त्याच कायद्याचं शिक्षेचं कलम ६५ लागू शकतं. गोव्याहून परतणारे पुष्कळ जण इथेच फसतात. काही जण विमानातल्या पाच लिटरच्या मर्यादेचा दाखला देतात. पण तो नियम विमानाच्या सुरक्षेचा आहे. उतरल्यावर त्या राज्याचा कायदा लागू होतो. दारू पिण्याचा परवानाही इथे कामाचा नाही. विदेशी दारूसाठी तो एक दिवसाचा ५ रुपयांत, वर्षाचा १०० रुपयांत आणि आजीवन १,००० रुपयांत मिळत आला आहे. तो पिण्यापुरता असतो, हद्दीपलीकडून माल आणण्यासाठी नव्हे.

गैरसमज ४ : महाराष्ट्राचा कागद असला की राज्यभर मोकळीक.

वस्तुस्थिती : वर्धा जिल्ह्यात सत्तरच्या दशकापासून आणि गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरात ती २०१५ ते २०२१ या काळात होती. आपल्या याच महामार्गाने अमरावती सोडून नागपूरकडे निघालं, की तळेगाव आणि कारंजा ही वर्धा जिल्ह्यातली गावं लागतात. वडनेरच्या दुकानात रीतसर घेतलेली बाटली तिथे अडचणीची ठरते. राज्य तेच, जिल्हा बदलला.

गैरसमज ५ : मालक वेगळा, ड्रायव्हरचा काय दोष?

वस्तुस्थिती : वाहतूक करणं आणि जवळ बाळगणं हेच मुळात गुन्हे आहेत. माल सापडतो तो ड्रायव्हरच्या ताब्यात. गाडी जप्त होते, पुढे सरकारजमाही होऊ शकते. कर्जाचे हप्ते मात्र थांबत नाहीत. जून २०२५ मध्ये राज्याने भारतीय बनावटीच्या विदेशी दारूवरचं शुल्क निर्मितीखर्चाच्या तिपटीवरून साडेचार पटीवर नेण्याचा निर्णय घेतला. दोन राज्यांतल्या किमतीची दरी वाढली की चोरट्या वाहतुकीचा मोह वाढतो आणि सावज होतं ते कर्ज काढून गाडी घेतलेलं पोरगं. म्हणून भरणी करण्याआधी वाहतूक पास मागा. त्यावर गाडीचा नंबर, मालाचं प्रमाण, मार्ग आणि मुदत जुळते का, ते स्वतः वाचा. नाही जुळलं, तर भाडं सोडा.

गैरसमज ६ : सरकारने परवाना दिला, आता गावाच्या हाती काय उरलं?

वस्तुस्थिती : बरंच उरलं. राज्याच्या २००८ च्या आदेशानुसार गावातल्या २५ टक्के महिला मतदारांनी लेखी मागणी केली, तर गुप्त मतदान घेता येतं. चिठ्ठीवर दोन चित्रं असतात : उभी बाटली आणि आडवी बाटली. आडवीला निम्म्याहून अधिक मतं पडली की दुकान बंद करावं लागतं. मात्र ही टक्केवारी मतदार यादीवरून मोजतात, हजर राहिलेल्यांवरून नाही. म्हणून घरी बसलेली प्रत्येक बाई नकळत उभ्या बाटलीच्याच बाजूने मोजली जाते.

राज्य, जिल्हा, गाव : हद्द बदलली की बाटलीचे नियमही बदलू शकतात. ही कटकट वाटेल. पण २०१५ साली मुंबईच्या मालवणीत विषारी दारूने शंभराहून अधिक माणसं गेली. बाटली कुठून निघाली आणि कुणाच्या हातून आली, हे वाहतूक पासवरून कळतं. आणि तो वाचायला गाडी सुरू करण्याआधीची दोन मिनिटं पुरतात.