सुट्टीतले दोन महिने संशोधनाचे

आपल्या वस्त्यांमधून रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. करणारी मुले-मुली आता दिसू लागली आहेत, ही आनंदाची गोष्ट आहे. परीक्षा संपली की यातील अनेकजण दुकानात किंवा कारखान्यात कामाला लागतात. घराला चार पैशांची गरज असते, त्यात गैर काहीच नाही. मात्र याच सुट्टीत विद्यावेतन घेऊन संशोधन करता येते, ही माहिती आपल्या घरांपर्यंत क्वचितच पोचते.

कॉलेजच्या प्रॅक्टिकलमध्ये दिलेला क्षार ओळखायचा असतो. त्याचे उत्तर सरांना आधीच ठाऊक असते. संशोधनात ते कोणालाच ठाऊक नसते. एखादे संयुग तयार करण्यासाठी तीच अभिक्रिया तापमान बदलून, द्रावक बदलून पुन्हा पुन्हा करावी लागते. फसलेला प्रयोगसुद्धा तारीख घालून वहीत लिहावा लागतो. केवळ परंपरेने आले म्हणून मानू नका, स्वतः पारखून घ्या, असे तथागतांनी कालामांना सांगितले. प्रयोगशाळेची रीत हीच आहे.

बंगळूर, नवी दिल्ली आणि प्रयागराज येथील तीन विज्ञान अकादमी मिळून उन्हाळी संशोधन शिष्यवृत्ती देत आल्या आहेत. निवड झालेला विद्यार्थी सुमारे दोन महिने एखाद्या शास्त्रज्ञाच्या हाताखाली काम करतो. त्याला विद्यावेतन आणि रेल्वेचे जाण्यायेण्याचे भाडे मिळते. मुंबईत मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे. तेथे पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी २००४ साली राष्ट्रीय उपक्रम सुरू झाला, त्यात रसायनशास्त्रही आहे. पुण्यात १९५० सालापासून राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा उभी आहे.

अकादमींच्या अर्जासोबत काय शिकायचे आहे याचे छोटे टिपण आणि एका प्राध्यापकाची शिफारस लागते. आपली मुले अडतात ती इथेच. सरांकडे शिफारस मागायला त्यांना संकोच वाटतो. या संकोचाचे कारण गुणांची कमतरता नव्हे. पिढ्यान्‌पिढ्या दाराबाहेर उभे ठेवल्याची ती सवय आहे. ती मोडली पाहिजे. केळुस्कर गुरुजींनी तरुण भीमरावांसाठी सयाजीराव महाराजांकडे शब्द टाकला, तेव्हा कॉलेजच्या शिक्षणासाठी दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. पुढे १९१३ साली बाबासाहेब बडोद्याच्याच शिष्यवृत्तीवर अमेरिकेला गेले. योग्य वेळी मागितलेली शिफारस म्हणजे भीक नव्हे.

आई-वडिलांनाही एक विनंती आहे. मुलीची निवड झाली तर "परगावी दोन महिने कशी राहील?" म्हणून तिला अडवू नका. राहण्याची सोय कुठे आहे याची संस्थेकडे चौकशी करा, पहिल्या दिवशी सोबत जाऊन या, पण तिला पाठवा.

अकादमींची जाहिरात साधारणपणे दिवाळीच्या सुमारास निघते. कोणत्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना अर्ज करता येतो, ते तिच्यात नीट वाचावे. टिपण आधीच लिहून तयार ठेवावे आणि मुदत संपायची वाट न पाहता सरांना भेटावे. जयभीम!