पत्ता अकोल्याचा, शिक्का अमरावतीचा

माझी ईमेल खाती दोन: एक अमरावतीच्या नोकरीचे, दुसरे अकोल्याच्या घरच्या दुकानाचे. एकाच संगणकावर दोन्हींची पत्रे बिनचूक येत. म्हणून जातही असतील, असे मी धरून चाललो. पण दुकानाचे दरपत्रक गिऱ्हाइकाच्या स्पॅममध्ये पडून राहिले आणि मागणी हुकली.

चूक माझीच. थंडरबर्डमध्ये दोन्ही खात्यांना पत्रे पाठवणारा सर्व्हर मी एकच, नोकरीचा, लावला होता. पाठवणाऱ्याचा पत्ता अकोल्याचा, शिक्का अमरावतीचा! टपालात हे चालून जाते, ईमेलमध्ये नाही. कोणत्या सर्व्हरला परवानगी आहे, याची यादी पत्त्याचे डोमेन जाहीर करते. यादीबाहेरून आलेल्या पत्रावर घेणारा सर्व्हर संशय घेतो.

तेव्हा प्रत्येक खात्याला त्याचाच एसएमटीपी सर्व्हर आणि त्याचाच पासवर्ड द्या. पोर्ट बहुधा ५८७ किंवा ४६५ असतो. मग दोन्हींतून एकेक चाचणीपत्र पाठवून पाहा.