धाप, घरघर आणि एक जोराची फुंकर

अमरावतीजवळच्या नांदगाव पेठच्या आसपास हिवाळ्यात उजाडायच्या आत पोरं-पोरी धावायला निघतात. पोलीस भरतीत मुलांना 1600 मीटर आणि मुलींना 800 मीटर धावावं लागतं, त्याची ही तयारी. त्यांतला एखादा शर्यत पुरी करतो, थांबतो आणि थांबल्यावरच त्याला खरा त्रास सुरू होतो. कोरडा खोकला, छाती आवळल्यासारखी, श्वासात बारीक शिट्टी. बाजूचे म्हणतात, "पोट्ट्यात दमच नाही." या एका शेऱ्यावर आपल्याकडे किती पोरांनी मैदान सोडलं असेल, या विचारानं मला फार वाईट वाटतं.

अमरावतीला व्यायामाची परंपरा मोठी आहे. वैद्य बंधूंनी 1914 मध्ये हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ उभं केलं आणि 1936 मध्ये मंडळाच्या पथकानं थेट बर्लिनला जाऊन आपले खेळ दाखवले. त्या काळी उस्तादाची नजर हेच माप होतं. किती जोर, किती बैठका, किती वेळात धाप ओसरली, यावर सगळं ठरे. ती नजर तयार होती, पण श्वासनलिकेच्या आत काय चाललंय ते तिला दिसण्याची सोय नव्हती.

श्वास मोजायची सुरुवात मात्र महाराष्ट्रातही लवकर झाली. स्वामी कुवलयानंदांनी 1924 मध्ये लोणावळ्यात कैवल्यधाम स्थापलं आणि प्राणायाम करणाऱ्याच्या उच्छ्वासातले वायू प्रयोगशाळेत तपासले. सुई नाही, रक्त नाही, फक्त सोडलेला श्वास. योगाबद्दलचे दावे मोजून पाहण्याची ही तयारी मला त्या काळच्या मानानं फार धाडसाची वाटते.

तिकडे लंडनमध्ये जॉन हचिन्सननं 1846 मध्येच स्पायरोमीटरवर दोन हजारांहून अधिक माणसांच्या फुप्फुसांची क्षमता मोजली होती. पण ते यंत्र अवजड होतं. मैदानावर नेण्याजोगं माप हाती यायला आणखी शतक गेलं. वेल्समध्ये कोळसा खाणकामगारांच्या छातीच्या विकारांवर संशोधन करणाऱ्या केंद्रात काम केलेल्या बी. एम. राइट यांनी 1959 मध्ये पीक फ्लो मीटर मांडला. पुढे त्याची प्लास्टिकची छोटी आवृत्ती आली.

हे यंत्र म्हणजे एक पोकळ नळी, वर आकडे आणि सरकणारा काटा. काटा शून्यावर आणायचा, उभं राहून छाती भरून श्वास घ्यायचा, ओठ नळीभोवती घट्ट मिटायचे आणि एका झटक्यात जोरानं फुंकायचं. असं तीनदा करून सर्वांत मोठा आकडा लिहायचा. मग सहा-आठ मिनिटं जोरात धावायचं आणि थांबल्यावर पाचव्या, दहाव्या, पंधराव्या मिनिटाला पुन्हा फुंकायचं. आकडा साधारण 15 टक्क्यांहून जास्त घसरला, तर श्वासनलिका आवळतेय असा संशय धरायचा आणि पोराला डॉक्टरकडे पाठवायचं. डॉक्टर स्पायरोमीटरवर पहिल्या सेकंदात बाहेर पडणारी हवा मोजतात. तिथे 10 टक्क्यांची घटही पुरते.

असं होतं कशानं? धावताना आपण तोंडानं भराभर हवा ओढतो. ती थंड आणि कोरडी असली की श्वासनलिकेच्या अस्तरातलं पाणी उडतं, अस्तर चिडतं आणि भोवतीचे स्नायू आवळतात. हिवाळ्यातली आपली कोरडी पहाट आणि रस्त्यावरची धूळ यांत भरच घालतात.

हा दुबळेपणा नव्हे, याचा पुरावा 1984 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकनं दिला. अमेरिकेच्या 597 खेळाडूंपैकी 67 जणांना व्यायामानं दमा होत असे. त्यांनी 41 पदकं जिंकली! पुढे मोजमापही सुधारलं. 1991 मध्ये उच्छ्वासात नायट्रिक ऑक्साइड हा वायू सापडला आणि दोनच वर्षांत कळलं की दम्याच्या रुग्णांत तो वाढलेला असतो. आता हातात मावणाऱ्या यंत्रात दहा सेकंद एकसारखी फुंकर घातली की आकडा येतो. मोठ्यांत तो 25 च्या आत असेल तर ॲलर्जीची सूज असण्याची शक्यता कमी, 50 च्या वर असेल तर जास्त. धावल्यावर हा आकडा उतरतो, म्हणून ही चाचणी धावण्याआधीच करायची. 2002 च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये तर श्वासाचा पंप वापरण्यासाठी खेळाडूंकडे श्वासाच्या मोजमापाचा पुरावा मागितला गेला.

नांदगाव पेठेत 2013 पासून कोळशावरचं वीज केंद्र आलं, औद्योगिक वसाहतीत कापडाचे कारखाने आले, 2024 मध्ये मोठ्या वस्त्रोद्योग पार्कची पायाभरणी झाली. एवढं सगळं पोहोचलं, मग पीक फ्लो मीटर मैदानापर्यंत का पोहोचू नये? यंत्र स्वस्त आहे आणि त्याला वीजही लागत नाही. भरतीची तयारी करून घेणाऱ्या प्रत्येक प्रशिक्षकानं एक मीटर, बदलता येणाऱ्या पुठ्ठ्याच्या नळ्या आणि एक वही ठेवावी. धावून खोकणाऱ्या पोराला घरी पाठवण्याआधी त्याचे आकडे लिहावेत आणि ती वही घेऊन त्याच्यासोबत डॉक्टरकडे जावं.